जुन्या आउटबोर्ड मोटरची चार्जिंग व्यवस्था: रेक्टिफायर बदलावा की स्टेटर नव्याने गुंडाळून घ्यावा?

तापीकाठ, भुसावळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवजवळ तापी-पूर्णेचा संगम आहे त्या बाजूला, हिवाळ्यात पक्षी पाहण्यासाठी आम्ही एक फायबरची होडी वापरतो. तिला 1970च्या दशकातील जॉन्सन बनावटीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला बाहेरून लावायचे इंजिन, आहे. ही मोटर आमच्या काकांनी मुंबईहून आणली होती आणि त्यांच्या पश्चात ती बरीच वर्षे मळ्यातल्या खोलीत पडून होती. कार्बोरेटर साफ करून, ठिणगीचे पॉइंट व कंडेन्सर आणि पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर बदलल्यावर ती आता दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीतच सुरू होते आणि पाण्यावर चांगली चालते.

अडचण आहे ती बॅटरीची. मोटरला मूळची इलेक्ट्रिक स्टार्टची सोय आहे, परंतु मोटर चालू असताना बॅटरी भरत नाही. बाहेरच्या चार्जरने भरून रात्रभर ठेवलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, मात्र मोटर चालवून वेग वाढविला तरी आकडा वर चढत नाही, उलट दिवे लावले की हळूहळू उतरतो. इंजिनाच्या बाजूला बसविलेला छोटा रेक्टिफायर थोड्याच वेळात इतका तापतो की त्यावर बोट ठेववत नाही. त्याला फ्लायव्हीलखालून (इंजिनावरच्या जड फिरत्या चाकाखालून) येणाऱ्या दोन तारा जोडलेल्या आहेत, एक पिवळी आणि दुसरी पिवळीवर करडी रेघ असलेली, आणि त्यातून एक लाल तार बाहेर पडते.

येथील एका ऑटो इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की हे सगळे काढून टाकावे आणि मोटरसायकलचा रेग्युलेटर बसवावा. शक्य तेवढी मूळ व्यवस्था जपून दुरुस्ती करावी, अशी माझी इच्छा आहे. कोणत्या क्रमाने तपासणी करावी?

जुनी यंत्रे, धुळे

तापीकाठ, आधी काहीही बदलू नका. आपल्या मोटरची चार्जिंग व्यवस्था चार भागांची आहे: फ्लायव्हीलच्या आतील चुंबक, त्याखालचा तांब्याच्या गुंडाळ्यांचा स्टेटर, उलटसुलट वाहणारा प्रवाह एकाच दिशेने वळविणारा रेक्टिफायर आणि बॅटरी. यात व्होल्टेजवर नियंत्रण ठेवणारा रेग्युलेटर मुळातच नाही. त्या काळच्या लहान मोटरींमध्ये जेमतेम पाच अँपिअरच्या आसपास प्रवाह तयार होत असे, तोही पूर्ण वेगाला, आणि एवढा प्रवाह मोठी पाण्याची बॅटरी पचवून टाकील या भरवशावर ती रचना केलेली होती. ठिणगीची कॉइल या गुंडाळीपासून स्वतंत्र असल्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद पडले तरी मोटर दोरीने सुरू होते, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. व्होल्ट ठीक दिसले तरी एखादा सेल मेलेला असू शकतो, म्हणून हायड्रोमीटरने सहाही सेलचे ॲसिड पाहा. पूर्ण भरलेल्या बॅटरीत घनता 1.26 ते 1.28च्या दरम्यान असावी आणि कोणताही सेल इतरांपेक्षा 0.05ने खाली असू नये. तसा असेल, तर पुढची सगळी मापे फसवी ठरतील.

त्यानंतर रेक्टिफायरच्या सर्व तारा सोडवून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. आत चार डायोड आहेत. मीटरची लाल पिन पिवळ्या तारेच्या टोकावर आणि काळी पिन रेक्टिफायरच्या लाल तारेवर ठेवली असता 0.5 ते 0.6च्या आसपास आकडा दिसला पाहिजे, आणि पिना उलटविल्यावर काहीही दिसता कामा नये. हीच तपासणी करड्या रेघेच्या टोकावर करावी. मग लाल पिन रेक्टिफायरच्या धातूच्या बैठकीवर आणि काळी पिन एकेका पिवळ्या टोकावर ठेवून पुन्हा तसेच पाहावे. दोन्ही बाजूंनी शून्य दाखविणारा डायोड जळून जोडला गेला आहे आणि दोन्ही बाजूंनी काहीच न दाखविणारा तुटला आहे. काही डायोड थंड असताना बरोबर वाटतात आणि तापल्यावर दगा देतात, तेव्हा मोटर चालवून बंद केल्याबरोबर, रेक्टिफायर गरम असतानाच, ही तपासणी पुन्हा एकदा करून घ्यावी. बैठकीखालचा गंज आणि रंगही घासून काढा, कारण परतीचा प्रवाह त्या बैठकीतूनच जातो.

स्टेटरसाठी त्याच्या दोन तारांमधील रोध मोजा. तो साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी भरतो. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करावा, नाहीतर एवढ्या लहान मापाला काही अर्थ राहत नाही. मग प्रत्येक तार आणि इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये मोजा. तेथे कोणतीही जोडणी दिसता कामा नये, तारा हलवून पाहिल्या तरीही नाही.

शेवटी भार देऊन पाहणे, आणि हे काम मीटरपेक्षा दिवा चांगले करतो. मोटरसायकलचा 12 व्होल्ट, 35 वॅटचा बल्ब घेऊन तो रेक्टिफायरपासून सोडविलेल्या दोन्ही पिवळ्या तारांमध्ये थेट जोडा. मंद वेगाला तो लालसर पेटेल आणि वेग वाढविताच पांढरा होईल. प्रवाह उलटसुलट असला तरी फिलामेंटच्या दिव्याला फरक पडत नाही. एलईडी दिवा मात्र येथे चालणार नाही. बल्ब जपून पेटवा, कारण वेग फार वाढविल्यास तो उडेल. मोटर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच चालवावी. कोरडी चालविली तर आपण नुकताच बदललेला इम्पेलर मिनिटभरात खराब होईल.

एक गोष्ट विचारायची राहिली: मोटर चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधी बंद केला गेला होता का, किंवा बॅटरीचे टोक सैल होते का? अशा वेळी स्टेटरच्या व्होल्टेजला दाबून धरणारे काहीच उरत नाही आणि डायोड जातात. बॅटरी उलटी जोडली तर ते क्षणात जातात.

नर्मदाकाठ, धडगाव

आमच्याकडे सरदार सरोवराच्या फुगवट्यात गावोगाव होड्या चालतात, त्यामुळे थोडा व्यवहाराचा विचार मांडतो. आपण पक्षी पाहण्यासाठी होडी चालविता, म्हणजे बहुतेक वेळ मोटर अगदी मंद चालते किंवा बंद असते. पाच अँपिअर हा पूर्ण वेगाचा आकडा आहे. मंद चालीत ही गुंडाळी जे देते, ते दोन दिव्यांनाही पुरत नाही. म्हणजे आपण स्टेटर अगदी नवा करून घेतला तरी संध्याकाळी बॅटरी उतरलेलीच सापडेल.

आमच्याकडचा उपाय सोपा आहे. चाळीस-पन्नास वॅटचे सौर पॅनल आणि एक छोटा चार्ज कंट्रोलर होडीवर बसवावा. खानदेशच्या उन्हात दुपारी त्यातून दोन ते तीन अँपिअर सहज मिळतात, तेही मोटर बंद असताना आणि पक्षी न उडविता. जुन्या यंत्रात पैसे घालण्याची हौस असेल तर गोष्ट निराळी.

तापीकाठ, भुसावळ

हौस आहे, हे मान्य करतो. पॅनलची सूचनाही पटली आणि ते बसवीनच. तरीही मोटरची स्वतःची व्यवस्था बंद ठेवून तिच्यावर स्टार्टर चालविणे मला रुचत नाही.

धुळेकरांनी सांगितलेल्या क्रमाने मापे घेतली. बॅटरीचे सहाही सेल 1.26च्या वर आहेत. रेक्टिफायरचे चारही डायोड थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत बरोबर आहेत. मेन स्विचविषयी सांगायचे तर तो बॅटरीजवळ आहे आणि मोटर चालू असताना त्याला कोणी हात लावत नाही. स्टेटरच्या दोन तारांमध्ये वजाबाकी करून 0.8 ओहम भरतात. पिवळी तार आणि बॉडी यांच्यात जोडणी नाही. करड्या रेघेची तार स्थिर असताना तीही मोकळी दिसते, मात्र थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की मीटर एकदम शून्याच्या जवळ येतो आणि थ्रॉटल परत आणला की पुन्हा मोकळे दाखवितो. मोटर बंद असतानाही असेच घडते. बल्ब मात्र व्यवस्थित पेटला, वेग वाढविल्यावर चांगला पांढरा झाला. बल्ब पेटतो तर स्टेटर चांगला समजावा का, आणि मग रेक्टिफायर का तापतो?

तांब्याची तार, फैजपूर

माझा व्यवसाय मोटर वायंडिंगचा आहे. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागांमुळे पाणबुडी पंपांचे काम बारमाही असते आणि मधूनमधून मोटरसायकल व जनरेटरचे स्टेटरही येतात. आपल्या मापांवरून दोष जवळपास सापडलेला आहे.

थ्रॉटल फिरविल्यावर जोडणी होते, याचा अर्थ आपल्या मोटरमध्ये पॉइंट ज्या प्लेटवर बसविलेले आहेत ती प्लेट थ्रॉटलबरोबर फिरते, आणि स्टेटरच्या तारा तिच्यासोबत हलतात. ठिणगी वेगानुसार आधी पडावी म्हणून ही सोय असते. इतक्या वर्षांत तारांचे वेष्टन कडक होऊन तडकले आहे आणि प्लेट पुढे सरकली की उघडे तांबे कोठेतरी बॉडीला टेकते. बल्ब पेटला, कारण तो दोन तारांमध्ये जोडलेला होता. त्यांपैकी एक तार बॉडीला लागली तरी बल्बच्या मार्गात काही अडथळा येत नाही. त्यामुळे गुंडाळी शाबूत आहे एवढे त्यातून कळले, परंतु तार बॉडीला लागली आहे की नाही हे त्या चाचणीतून कधीच कळत नाही.

रेक्टिफायर का तापतो, तेही यातूनच स्पष्ट होते. त्याची ऋण बाजू बॉडीला जोडलेली आहे. आता करड्या रेघेची तारही बॉडीला लागली, म्हणजे त्या बाजूचा खालचा (बॉडीकडचा) डायोड बाजूला पडून तेथे सरळ तारच आली. प्रवाहाच्या एका अर्ध्या फेरीत पिवळ्या तारेतून बॅटरीकडे थोडे चार्जिंग जाते. दुसऱ्या अर्ध्या फेरीत मात्र पिवळ्या तारेचा खालचा डायोड उघडतो आणि स्टेटरचा सगळा प्रवाह बॅटरीकडे न जाता बॉडीतून त्या एकाच डायोडमधून गोल फिरत राहतो. डायोड चांगला असूनही तापतो तो यामुळे, आणि असेच चालू ठेवल्यास तो लवकरच जाईल. जे अर्धे चार्जिंग उरते, ते दिव्यांतच खर्च होते. रेक्टिफायर बदलला असता तर नवाही असाच तापला असता, आणि मोटरसायकलचा रेग्युलेटर बसविला असता तरी गोष्ट तीच झाली असती.

आता फ्लायव्हील काढणे. मधला नट सोडविल्यावर फ्लायव्हीलच्या मधल्या भागात आटे असलेली तीन भोके दिसतील. पुलर त्या तीन भोकांत बोल्ट घालूनच लावावा. कडेला पकडणारा पुलर लावल्यास फ्लायव्हील वाकतो किंवा आतील चुंबक सुटतात, आणि क्रँकच्या टोकावर हातोडा मारल्यास बेअरिंगचे नुकसान होते. काढलेला फ्लायव्हील लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवा. आमच्या दुकानात तो उघडा ठेवला तर तासाभरात चुंबकांवर लोखंडाच्या किसाची दाढी उगवते आणि तो कीस काढणे हे वायंडिंगपेक्षा अवघड काम होऊन बसते. चुंबकांना तडे नाहीत ना आणि ते जागचे हलत नाहीत ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

स्टेटर हाती आला की प्रथम फक्त तारा तपासा. कॉइलवरील वार्निश कोरडे, एकसारखे असेल आणि गुंडाळीपासून स्टॅम्पिंगपर्यंत (स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यापर्यंत) कोठेही जोडणी नसेल, तर नव्याने गुंडाळण्याची गरज नाही. कडक झालेल्या तारा कॉइलच्या मुळाशी कापून तेथे उष्णता सहन करणाऱ्या वेष्टनाची, बारीक तंतूंची लवचीक तार डाग देऊन जोडावी. नुसता पकडीने दाबलेला सांधा फ्लायव्हीलखाली टिकत नाही. सांध्यावर काचतंतूची स्लीव्ह चढवून ती वायंडिंगच्या दोऱ्याने कॉइलला बांधावी आणि वर वार्निश द्यावे. तारेला प्लेट दोन्ही टोकांपर्यंत फिरेल एवढी ढील ठेवावी, मात्र ती फ्लायव्हीलला घासेल एवढी नको. जुन्या तारेला बांधणारी पत्र्याची पट्टी असेल तर ती परत लावायला विसरू नका, कारण वेष्टन बहुधा तिच्याच कडेवर तुटलेले सापडते.

गुंडाळी खराब निघाल्यास कारागीर निवडताना एक गोष्ट नक्की विचारा. पाणबुडी पंप गुंडाळणाऱ्या हाताला सवय वेगळी असते. या स्टेटरवरून चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने फिरतात, म्हणून शेजारशेजारच्या दातांवरील कॉइल एकमेकींच्या उलट दिशेने गुंडाळाव्या लागतात. सर्व कॉइल एकाच दिशेने गुंडाळल्या तर रोध बरोबर भरतो, मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरवर) इन्सुलेशनही उत्तम दिसते, आणि तरीही दिवा पेटत नाही, कारण एका कॉइलचे व्होल्टेज शेजारची खाऊन टाकते. असे काम दुसरीकडून होऊन माझ्याकडे आलेले आहे. म्हणून जुनी तार कापण्यापूर्वी प्रत्येक कॉइलची दिशा कागदावर काढून घ्यावी, एक कॉइल हाताने उलगडून तिचे वेढे मोजावेत आणि तारेची जाडी वरचे एनॅमल काढून मायक्रोमीटरने घ्यावी. जाडी आणि वेढे बदलण्याचा मोह धरू नये. जास्त वेढे दिले तर मंद वेगाला व्होल्ट वाढतात, परंतु तार बारीक घ्यावी लागते आणि वर अँपिअर घटतात. जुने वार्निश गॅसच्या बत्तीने जाळणाऱ्याकडे हे काम मुळीच देऊ नका, त्याने स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधील इन्सुलेशन जळते आणि स्टेटर कायमचा तापरा होतो.

फ्लायव्हील परत बसविताना क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचे भोक दोन्ही पेट्रोलने पुसून कोरडे ठेवावे. तेथे तेल किंवा ग्रीस लावू नये. पकड घर्षणाची असते, चावी फक्त जागा दाखविण्यापुरती असते. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा.

जुनी यंत्रे, धुळे

फैजपूरकरांनी दोष नेमका पकडला आहे. थ्रॉटलबरोबर बदलणारे माप नोंदविल्याबद्दल तापीकाठांचेही कौतुक, कारण मोटर बाकावर स्थिर ठेवून घेतलेल्या मापात हे कधीच दिसले नसते.

रेग्युलेटरविषयी थोडे. दुरुस्ती झाल्यावर चार्जिंग पूर्ण मिळू लागेल आणि भरलेल्या बॅटरीवर सलग वेगात चालल्यास व्होल्टेज 15च्या वरही जाईल. साध्या दिव्यांना त्याचे फारसे काही वाटत नाही, मात्र मोबाइल चार्जर, जीपीएस किंवा एलईडी दिवे जोडणार असाल तर रेग्युलेटर असलेला रेक्टिफायर लावणे शहाणपणाचे आहे. येथे दुकानात सहज मिळणारा जुन्या 100 सीसी मोटरसायकलींचा चार तारांचा रेग्युलेटर घेऊ नका. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांमध्ये स्टेटरचे एक टोक मुद्दाम बॉडीला जोडलेले असते, हेडलाइट थेट उलटसुलट प्रवाहावर चालतो आणि बॅटरीला अर्धेच चार्जिंग मिळते. आपला स्टेटर बॉडीपासून मोकळा आहे, त्याला पूर्ण फेरीचा रेग्युलेटर हवा. थ्री-फेजचा रेग्युलेटर मिळाला तर तिसरे टोक इन्सुलेट करून उरलेल्या दोन टोकांना पिवळ्या तारा जोडता येतात.

यातही दोन जाती आहेत. स्वस्त जात जादा प्रवाह आतल्या आत शॉर्ट करून जिरविते, त्यामुळे स्टेटर सतत पूर्ण भारावर राहतो आणि रेग्युलेटरला थंड होण्यासाठी इंजिनाच्या धातूवर घट्ट बसवावे लागते. दुसरी, महाग जात बॅटरी भरली की मार्ग तोडते, त्यामुळे स्टेटर थंड राहतो, परंतु तेव्हा त्याच्या टोकांवर मोकळे व्होल्टेज बरेच चढते आणि जुन्या इन्सुलेशनला ते सोसावे लागते. आपली गुंडाळी मूळचीच ठेवणार असाल, तर वार्निशचा एक हात देऊन आणि मेगरवर तपासून मगच दुसरी जात लावा. मूळ रेक्टिफायर जपून ठेवा. जॉन्सन आणि एव्हिन्रूड या दोन्ही नाममुद्रा एकाच ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) कंपनीच्या होत्या. ती कंपनी 2000 साली दिवाळखोरीत गेली, तिच्या आउटबोर्ड नाममुद्रा पुढे बॉम्बार्डिअरकडे गेल्या आणि एव्हिन्रूडचे उत्पादनही 2020 मध्ये बंद झाले. आता जे काही मिळते ते जुन्या साठ्यातून किंवा इतरांनी बनविलेले. सुटे भाग शोधताना त्याच वर्षाच्या आणि तेवढ्याच अश्वशक्तीच्या एव्हिन्रूडसाठीचाही भाग पाहावा, आत यंत्र बहुतेक तेच असते.

तापीकाठ, भुसावळ

फ्लायव्हील काढला. पत्र्याच्या पट्टीच्या कडेला करड्या रेघेच्या तारेचे वेष्टन बोटाच्या पेराएवढे तुटून पडले आहे आणि समोरच्या धातूवर काळा डाग आहे. कॉइल चांगल्या दिसतात आणि स्टॅम्पिंगशी कोठेही जोडणी नाही. तारा बदलून वार्निश करण्यासाठी स्टेटर घेऊन फैजपूरला येतो. शेवटची शंका: रेग्युलेटर लगेच लावला नाही, तर बॅटरी कोणती घ्यावी? दुकानदार मेंटेनन्स-फ्री घ्या म्हणतो.

जुनी यंत्रे, धुळे

रेग्युलेटर नसेल तर मेंटेनन्स-फ्री किंवा जेलची बॅटरी घेऊ नका. जादा चार्जिंगमध्ये पाणी उडते आणि अशा बॅटरीत ते परत भरता येत नाही. झाकणे उघडणारी, पाण्याची, 60 ते 80 अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. पाच अँपिअर तिला सहज झेपतात, तेच मोटरसायकलच्या छोट्या बॅटरीला उकळवून टाकतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा महिन्यातून दोनदा तरी पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे किंवा नळाचे पाणी नको. बॅटरीची पेटी वरून हवा खेळेल अशी आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर असावी. सौर पॅनलचा कंट्रोलर याच बॅटरीला समांतर जोडता येतो, मात्र त्याच्या तारेत बॅटरीच्या टोकाजवळ वेगळा फ्यूज घाला.